नाशिकच्या पाथर्डी फाट्याकडची पिठाची गिरणी: पीठ एक नंबर, रस्ता डोक्याला ताप

गिरणीला पाच स्टार. रस्त्याला दोन, ते पण दया म्हणून.

आधी पिठाचं सांगतो. काकांकडे डाळीची चक्की वेगळी आहे त्यामुळे पोळीला हरभऱ्याचा वास येत नाही, नागली बारीक सांगितली की खरंच बारीक देतात, भाजणी मस्त जाडसर. गरम पिठावर झाकण लावलं की ओरडतात, बरोबरच आहे त्यांचं.

आता जायचं कसं? आमच्या गच्चीवरून गिरणीचा पत्रा दिसतो, मधे एक कंपाउंडची भिंत अन् नाला, २०० मीटर पण नसेल, पण जायला आधी मेन रोडवर या, पुढून यू टर्न मारा, मग त्यांच्या लेआउटच्या एकुलत्या एका गेटमधून आत, झाले दीड किलोमीटर. १० किलोचा डबा घेऊन एवढं पायी कोण जाणार, मग दळणाला पण गाडी काढा, आणि सगळ्या कॉलन्यांचे लोक त्याच एका सिग्नलला.

कसंय, इथली शेतं एकेक करून विकली गेली, प्रत्येक गटाचा लेआउट वेगळा, आतला रस्ता शेजारच्याच्या बांधाला जाऊन संपतो आणि दोघांना जोडणारा डीपी रोड (शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता) जमीन ताब्यात येईपर्यंत नकाशातच राहतो. आपल्याकडेच आहे असंही नाही. २०२० मध्ये दोन संशोधकांनी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या ऑनलाइन नकाशावरून जगभरातले रस्ते तपासले, तर १९७५ पासून नवीन वस्त्यांमध्ये असे तुटक रस्ते, डेड एंड वाढतच गेलेत. जपानमध्ये, लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी रस्ते अजून नीट जोडलेले आहेत. आणि रस्ता एकदा पडला की पडला, बिल्डिंग पाडून नवीन होते पण रस्ता शक्यतो तिथेच राहतो.

आमची मामी जुन्या नाशकात भद्रकालीत राहते, तिथल्या बोळात रिक्षा घासते पण एक बोळ बंद असला तर दुसऱ्यातून निघता येतं, ती दळण टाकून भाजी घेऊन पायीच घरी.

भिंतीत माणूस जाईल एवढं फाटक आणि नाल्यावर छोटा पूल, बास एवढंच हवंय. सोसायटीत विषय काढला तर म्हणे चोर येतील. अरे चोर काय यू टर्न मारून येऊ शकत नाही का??

दुपारी १ ते ४ बंद असते, रविवारी जाऊच नका. २० रुपये जादा दिले तर पोरगा घरून डबा नेतो, पण फक्त त्यांच्या लेआउटमध्ये.