हात दुखावलाय: वाद्य बंद ठेवायचं की कमी करून चालू?

हात दुखावलेल्या कलाकाराला दोन सल्ले हमखास मिळतात. डॉक्टर म्हणतात, "सहा आठवडे वाद्याला हात लावू नका." बरोबरचे कलाकार म्हणतात, "थोडं वाजवलंस की हात गरम होईल, मग काही वाटणार नाही." यातला कुठलाही सल्ला सरसकट खोटा नाही, म्हणून तर पंचाईत होते. कुठला कधी लागू पडतो हे दुखण्याच्या जातीवर ठरतं. कार्यक्रम किती दिवसांवर आलाय याचा त्याच्याशी काही संबंध नसतो, पण आपण बहुतेक वेळा तारीख बघूनच ठरवतो.

जिथे पूर्ण थांबायलाच हवं, त्या दुखण्यांचं आधी बोलू. हाड मोडलंय, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) तुटलाय, बोटांतली ताकद अचानक गेलीय, अशा वेळी वाद्य बंद. पडल्यावर हात टेकला असेल आणि अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर जो खळगा दिसतो तिथे दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे स्वच्छ आला म्हणून खूश होऊ नका. तिथल्या स्कॅफॉइड या छोट्या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही. त्याचा रक्तपुरवठा तोकडा असतो. ते जुळायचं राहिलं तर मनगटाची पुढे कायमची कटकट होते. पुन्हा एक्स-रे किंवा एमआरआय होईपर्यंत मनगट बांधून ठेवलेलं बरं, मग मैफल कितीही मोठी असो.

हात वापरून वापरून उद्भवलेल्या दुखण्याची गोष्ट वेगळी. कोपराच्या बाहेरच्या बाजूची ठणक (टेनिस एल्बो), मनगटाच्या कंडरांचं दुखणं यात पूर्ण विश्रांती फसवी ठरते. महिनाभर वाद्य बंद ठेवलं की दुखणं निवतं खरं, पण तेवढ्यात कंडराची भार पेलायची ताकदही उतरते. मग पहिल्याच दिवशी जुन्या सवयीनं दोन तास रियाज होतो आणि आठवड्यात गाडी मूळ पदावर. कंडराला हळूहळू वाढत जाणारा भार लागतो, आणि त्याला आठवडे नाही, महिने लागतात. म्हणून इथे माझा कौल कमी करून वाजवत राहण्याला आहे: दहा-दहा मिनिटांच्या छोट्या बैठका, मध्ये विसावा, लय संथ, आघात हलका. सोबत फिजिओथेरपिस्टनं दिलेले ताकदीचे व्यायाम. वाजवताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर कालचं जास्त झालं असं समजायचं.

याला एक अपवाद. "दहाच मिनिटं" म्हणून बसल्यावर तास कधी उलटला हे ज्यांना कळत नाही (असे पुष्कळ असतात, आणि बहुतेक चांगले वादक असतात), त्यांनी पहिले दोन आठवडे वाद्य पेटीत कुलूपबंद ठेवावं.

इंजेक्शन घेऊन कार्यक्रम उरकावा का?

कोपर आणि अंगठा यांची उत्तरं इथे चक्क उलटी आहेत. टेनिस एल्बोवर स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर काही आठवडे झकास जातात, आणि मग दुखणं उलटतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ५४ टक्के लोकांचं दुखणं वर्षभरात परतलं. औषध नसलेलं नुसतं इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं. उद्याचा कार्यक्रम वाचवायला पुढचा अख्खा मोसम पणाला लावण्यासारखं आहे हे. याउलट अंगठ्याच्या मुळाशी कंडरांवर येणारा डी क्वेर्वेन हा विकार किंवा वाकलेलं बोट अडकून राहणारं ट्रिगर फिंगर असेल, तर तेच इंजेक्शन अनेकदा छान काम करतं. "मित्राला इंजेक्शननं बरं वाटलं" हे ऐकाल तेव्हा आधी विचारा, नेमकं कुठे दुखत होतं?

मुंग्या येत असतील तर मात्र वाट बघण्यालाही मर्यादा आहे. कार्पल टनेलमध्ये (मनगटात नस दबण्याच्या विकारात) रात्री मनगटाला पट्टा बांधून काही आठवडे बघायला हरकत नाही. अंगठ्याच्या मुळाचा फुगीर स्नायू चपटा दिसू लागला, तर ऑपरेशनचं बोलणं पुढे ढकलू नका.

प्लास्टर की प्लेट?

मोडलेल्या मनगटात ऑपरेशन करून धातूची प्लेट बसवली तर हालचाल लवकर सुरू होते आणि पहिल्या तीनेक महिन्यांत फरक जाणवतो. वर्षअखेरीस हा फरक बराच ओसरतो, विशेषतः उतारवयात. पण "हात पूर्ण बरा" याचा सर्जनच्या मनातला अर्थ म्हणजे बटण लावता येणं, झाकण उघडता येणं. व्हायोलिन धरायला डावा हात कोपरापासून पूर्ण उलटा फिरावा लागतो. तबलजीचं काम मनगट वाकण्यावर आणि बोटांच्या वेगावर चालतं. म्हणून वाजवतानाचा व्हिडिओ सर्जनला दाखवा आणि थेट विचारा की एवढा फिरेल का, एवढा वाकेल का. नर्तकाचा खांदा निखळला असेल तर वय बघावं लागतं. विशीच्या आतबाहेर निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता मोठी असते, त्यामुळे तिथे ऑपरेशनकडे पारडं लवकर झुकतं.

एक दुखणं असं आहे की ते दुखतच नाही. बोटं वाजवतानाच आपोआप आत वळतात, एरवी हात ठणठणीत. हा फोकल डिस्टोनिया. यात विश्रांतीनं फारसं साधत नाही आणि जास्त रियाजानं उलट बिघडतं. पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात १९६० च्या दशकात असा गेला. ते डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत राहिले, शिकवत राहिले, आणि १९९० च्या दशकात बोटॉक्सच्या (स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनच्या) मदतीनं दोन्ही हातांनी वाजवायला परतले. डेफ लेपर्ड या ब्रिटिश रॉक बँडचा ड्रमवादक रिक ॲलन याचा डावा हात ३१ डिसेंबर १९८४ च्या अपघातात गेला. हाताचं काम त्यानं डाव्या पायावर टाकलं, इलेक्ट्रॉनिक ड्रम घेतले आणि १९८६ मध्ये मोठ्या मंचावर परतला. वाद्याची मांडणी बदलणं हा तिसरा पर्याय आपल्याकडे विनाकारण कमीपणाचा मानला जातो.

राहिला प्रश्न पहिला कार्यक्रम कुठला घ्यायचा याचा. साथीला बसणं हलकं, एकल जड, असं सगळे धरून चालतात. दुखऱ्या हातासाठी मी उलटं म्हणेन. साथीला बसलात की लय दुसऱ्याच्या ताब्यात जाते. समोरचा रंगात आला की तुम्हाला थांबता येत नाही. एकलात वीस मिनिटांत संपवा, द्रुत गाळा, कुणाला कळणारही नाही. साथच करायची असेल तर द्रुत किती वेळ चालणार हे मुख्य कलाकाराशी आधी बोलून घ्या, आणि ते मंचावर बसल्यावर नाही, घरून निघण्यापूर्वी.