काळीज नक्की कुठलं? मेडिकलच्या मुलांचा शाळेतला वर्ग

कोल्हापुरातल्या एका मेडिकल कॉलेजची पहिल्या वर्षाची मुलं तिसरी-चौथीच्या वर्गांत येऊन दीड तास शरीररचना शिकवतात. फी नाही, साहित्य त्यांचंच. पाचपैकी साडेतीन. जरूर बोलवा, पण काही गोष्टी आधी बजावून ठेवा.

सगळ्यात झकास जमलं ते बोकडाचं हृदय. दुकानदाराला 'वरच्या नळ्या ठेवा' असं आदल्या दिवशीच सांगावं लागतं. त्या छाटल्या की रक्त बाहेर पडतं कुठून, हे दाखवता येत नाही. गुठळ्या धुतलेल्या, हातमोजे भरपूर. खालच्या डाव्या कप्प्याची भिंत उजवीपेक्षा किती जाड, हे पोरांनी चिमटीत धरूनच पाहिलं. उजवा कप्पा शेजारच्या फुप्फुसांपर्यंत रक्त ढकलतो, डाव्याला पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचं असतं, हेही नीट समजावलं. घोळ झाला तो शब्दाचा. मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत, आणि घरी भीतीनं धडधडतं तेही काळीजच! मुलांनी बरोबर इथंच अडवलं. शिकवणारे 'ते लिव्हर' म्हणून पुढं सरकले. दोन्ही अर्थ फळ्यावर मांडायला हवे होते.

फुप्फुसाची बाटली फसली. बाटलीच्या तोंडातून नळीनं आत फुगा सोडायचा, कापलेल्या बुडाला रबर ताणायचं; ते ओढलं की फुगा फुगायला हवा. पाण्याची पातळ बाटली घेतलेली. खालचं रबर ओढलं की बाटलीच चेपते आणि आतला फुगा ढिम्म. कोल्ड्रिंकची जाड बाटली घ्यावी, नळी जाते त्या भोकाभोवती एम-सील लावावं.

नाडी अंगठ्यानं बघू नका, अंगठ्याची स्वतःचीच जाणवते, हे सांगितलं ते उत्तम. पण पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायला लावलं. एक ठोका चुकला की उत्तर चारनं चुकतं. तीस सेकंद मोजून दुप्पट केलेली बरी. स्टेथोस्कोपची कानातली टोकं पुढच्या बाजूला वळलेली हवीत. निम्म्या मुलांनी उलटी घातली आणि 'काय ऐकूच येईना' सुरू.

आतड्याची लांबी दाखवायला रिबीन आणली होती. नऊवारी आणा की! सव्वाआठ मीटर भरते. मोठ्या माणसाचं लहान आतडं साधारण सहा मीटर, मोठं दीड. वर पदराला थोडी उरतेच. २०६ हाडांच्या स्लाइड्स गाळल्या तरी चालेल.

हृदय सकाळच्या शाळेतच ठेवा, बर्फाच्या डब्यात. मधल्या सुट्टीनंतर वास सुटतो. शाकाहारी घरातल्या मुलांना आदल्या दिवशी विचारा. नको म्हणाली तर त्यांना बाटलीपाशी बसवा.