महिन्याचं बजेट सोडलं, वर्षाचं खातं धरलं : वापरानंतरचा अनुभव

२०२४ ची दिवाळी झाल्यावर आमच्या घरात महिन्याच्या बजेटची वही बंद झाली आणि 'वर्षाचं खातं' सुरू झालं. यंदाची, म्हणजे २०२५ ची दिवाळीही त्याच खात्यातून पार पडली. एक उन्हाळा, एक शाळेचा जून, महालक्ष्म्या (भाद्रपदातल्या गौरी) आणि दोन लग्नं त्यावर निभावली, म्हणून आता लिहिते.

आधी घर सांगते, कारण त्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही. आम्ही नागपुरात जयप्रकाश नगरकडे राहतो. नवरा बुटीबोरी एमआयडीसीत, मी बर्डीवर (सीताबर्डीला) एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत, आणि सासूबाई. पगार दोन असले तरी मोठे नाहीत. घर स्वतःचं आहे, हप्ता फिटलाय. हा फार मोठा आधार आहे आणि तो नसलेल्यांनी पुढचे आकडे तसेच्या तसे उचलू नयेत.

महिन्याच्या बजेटची आमची तक्रार एकच होती: ते नागपुरात बसत नाही. ऑगस्टचा खर्च आणि मे महिन्याचा खर्च हे दोन वेगळ्या घरांचे वाटावेत इतके निराळे. एप्रिल आला की कूलर काढा, खस बदला, पंप बघा. त्याच सुमारास वर्षाचे गहू, तूर डाळ, चिन्नोर तांदूळ, भिवापुरी मिरची. मग लग्नं, मग जूनमध्ये शाळा. दर महिन्याला 'या वेळी जरा जास्त झालं' असं लिहायचं आणि पुढच्या महिन्यात वेगळ्या कारणासाठी तेच लिहायचं. हे जास्तीचे खर्च अचानक येत नव्हते. दरवर्षी त्याच महिन्यात येत होते, फक्त वहीत त्यांना जागा नव्हती.

म्हणून एका रविवारी असले सगळे खर्च एका कागदावर उतरवले. आरोग्य विम्याचा हप्ता २४,०००, शाळेचा जून २२,०००, दिवाळी २०,०००, धान्य-मसाला १४,०००, महालक्ष्म्या १२,०००, लग्न-आहेर १२,०००, उन्हाळ्याची जादा वीज आणि कूलर ९,०००, दोन्ही गाड्यांचा विमा आणि सर्व्हिसिंग ७,०००, घरटॅक्स ६,०००. बेरीज १,२६,०००. बाराने भागलं की महिन्याचे १०,५००. ते दर महिन्याच्या सुरुवातीला एका वेगळ्या बचत खात्यात जातात. या खात्याला यूपीआय जोडलेलं नाही आणि एटीएम कार्ड कपाटात आहे. पद्धत एवढीच. बाकी सगळं तिच्या आजूबाजूचं.

सुरुवात कधी करायची याला मात्र महत्त्व आहे. आर्थिक वर्षाचं निमित्त करून एप्रिलच्या तोंडावर सुरू करायचा मोह होतो, पण विदर्भातल्या घराला तो महिना सोयीचा नाही. मार्चमध्ये सुरू केलं तर मे अखेरपर्यंत खात्यात जमतात ३१,५००, आणि आमच्या यादीप्रमाणे तोवर धान्य, कूलर, लग्नं मिळून ३५,००० निघालेले असतात. शाळा पुढेच उभी. नोव्हेंबरला सुरू केलं तर जून संपताना सगळं देऊन आमच्याकडे वीसेक हजार उरतात. दिवाळीचा बोनस मिळत असेल तर तो पहिली भर म्हणून टाकावा, पुढे श्वास मोकळा राहतो.

रोजच्या खर्चासाठी आम्ही आधी रोख पाकिटं केली होती: किराणा, भाजी, दूध, पेट्रोल. ऐकायला छान, वापरायला कटकट. पाकीट माझ्याकडे आणि भाजीवाला नवऱ्यासमोर. शिवाय आता पालकाची जुडी घेतली तरी समोर क्यूआर कोड. रोख काढायला एटीएमच्या चकरा वाढल्या, आणि मोफत व्यवहार संपले की १ मे २०२५ पासून दर वेळी २३ रुपयांपर्यंत शुल्क आहे. काटकसरीसाठी शुल्क भरायचं हे काही पटलं नाही. आता घरखर्चाचं एक खातं आहे, दोघांच्या फोनमध्ये तेच यूपीआयला जोडलंय. त्यात ठरलेली रक्कम पडते आणि शिल्लक हेच बजेट. वीस तारखेला शिल्लक किती हे विचारलं की महिना कसा चाललाय ते कळतं. नोंदी ठेवायचं एक मोबाइल अ‍ॅपही घेतलं होतं. ते सगळे एसएमएस वाचायची परवानगी मागत होतं आणि मुलाच्या शाळेच्या बसचे पैसे 'मनोरंजन' या खान्यात टाकत होतं. काढून टाकलं.

मुलांचा खाऊचा पैसा तेवढा अजून रोखीत आहे. त्यांच्या हातात नोट कमी होताना दिसली पाहिजे.

फायदा कुठे झाला? सगळ्यात जास्त धान्यात. हंगामात इतवारीच्या बाजारात, मस्कासाथीकडे जाऊन गहू-डाळ एकदम घ्यायची आमच्या सासूबाईंची जुनी रीत होती. मध्ये काही वर्षं ती मोडली होती, कारण एप्रिलमध्ये एकरकमी १४,००० हाताशी नसायचे. मग दर महिन्याला पिशवीबंद आटा आणि किलो-दोन किलो डाळ. यंदा तूर डाळ गेल्या वर्षीपेक्षा बरीच उतरली होती, तेव्हा वर्षाची भरून ठेवली. कडुनिंबाचा पाला घालून डबे भरताना सासूबाई जितक्या खूश होत्या तितक्या माझ्या कुठल्याच आकडेमोडीवर झाल्या नाहीत.

विजेचं गणित थोडं तपशिलात सांगते, कारण नागपूरकरांना ते लागेल. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच चढा, ३०० च्या पुढे आणखी चढा. मोठा कूलर साधारण २०० वॉटचा, दहा तास चालला तरी दिवसाचे दोन युनिट. दीड टनाचा एसी भर उन्हात तासालाच एक-दीड युनिट घेतो. म्हणून एप्रिल-मे कूलर. आपल्याकडची हवा तेव्हा इतकी कोरडी असते की तो मनापासून काम करतो. पण नवतपा (मे अखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस) सरून आभाळ दाटलं की तोच कूलर नुसती दमट हवा फेकतो. तेव्हा सासूबाईंच्या खोलीतला एसी लावायचा आणि त्यावर चर्चा करायची नाही. असल्या उकाड्यात सत्तरीच्या माणसाची झोप ही बचतीची जागा नाही. ते ९,००० खात्यात धरले त्यातच हे आलं. बिल आलं की आता कुणी कुणाच्या खोलीकडे बघत नाही.

आता ज्यावर घरात खरं वाजलं ते: महालक्ष्म्या. इकडे महालक्ष्म्या म्हणजे पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या, सवाष्णी, आणि दुपारभर जेवणाऱ्यांची रांग. कागदावर १२,००० लिहिलेले बघून सासूबाई म्हणाल्या, "काहून वं, आता महालक्ष्म्यांच्या ताटातही हिशेब पाहणार का तू?" मी म्हटलं, "आई, हिशेब नाही, पैसे आधीच बाजूला काढून ठेवतोय, ऐनवेळी ओढाताण नको म्हणून." त्या ऐकून घेतल्यासारखं करून गप्प बसल्या. ऑगस्टमध्ये ती रक्कम रोख त्यांच्याच हातात दिली. कॉटन मार्केटची भाजी, फुलं, साड्या सगळं त्यांनी ठरवलं. खर्च वर गेला. वरचे त्यांनी स्वतःच्या पेन्शनमधून घातले आणि ते माझ्या यादीत लिहायचे नाहीत असं बजावलं. माझं म्हणणं, लिहिले नाहीत तर पुढच्या वर्षीचा आकडा पुन्हा कमी पडेल. त्यांचं म्हणणं, देवीचं केलेलं मोजायचं नसतं. नवरा या वादात पडला नाही. मी पुढच्या वर्षासाठी १४,००० धरलेत आणि कारण लिहिलं नाहीये.

तोटे. पहिला आणि मोठा तोटा कुणी आधी सांगितला नव्हता: बाजूला ठेवलेला पैसा दिसतो, आणि दिसणाऱ्या पैशाला वाटा फुटतात. पूर्वी नात्यातल्या कुणी पंधरा-वीस हजार उसने मागितले की 'सध्या हात तंग आहे' हे खरंच उत्तर होतं. आता खात्यात चाळीस हजार असताना ते तोंडातून निघत नाही, निदान माझ्या नवऱ्याच्या तोंडातून निघत नाही. तो पैसा जूनच्या शाळेचा आहे हे समोरच्याला सांगून समजत नाही, कारण त्याला आज दवाखान्याचं बिल भरायचं असतं आणि आपली शाळा दोन महिन्यांनी असते. एकदा दिले. परत आले, पण हप्त्याहप्त्याने. त्यानंतर घरखर्चातून थोडे थोडे काढून 'उसने' म्हणून वेगळी छोटी रक्कम ठेवली. त्यात असेल तेवढं द्यायचं, परत आलं नाही तरी बोलायचं नाही. नवऱ्याला हे आवडलं, मला अर्धंच आवडलं.

दुसरा तोटा, या खात्यावर बचत खात्याचंच व्याज मिळतं, म्हणजे फारच कमी. एका ओळखीच्या गृहस्थांनी पतसंस्थेत ठेवा, दोन टक्के जास्त मिळतील, असा आग्रह धरला. बँकेतल्या ठेवीला, अगदी सहकारी बँकेतल्याही, ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांपर्यंत संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. वर्षाच्या आत लागणाऱ्या पैशावर तो धोका घ्यायचं मला कारण दिसत नाही.

भिशी मी सोडली नाही, हे इथेच सांगून टाकते. तिच्यात व्याज शून्य आहे हे मलाही कळतं. पण महिन्यातून एक दुपार गल्लीतल्या बायका एकत्र बसतात. रविवारचे तर्री-पोहेही सोडले नाहीत. काटकसर सुरू केली की पहिली कुऱ्हाड असल्या खर्चांवर पडते. त्यात वाचतं थोडं आणि घर रुसतं फार.

आता माझ्या स्वतःच्या उद्दिष्टाबद्दल. मुलीचं सुकन्या समृद्धी खातं ती लहान असतानाच उघडलेलं आहे (मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं), सध्या व्याज ८.२ टक्के. मुलाच्या नावाने पोस्टात पाच वर्षांची आरडी आहे, ६.७ टक्क्यांची. आणि माझं पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं खातं), ७.१ टक्के, हे मात्र गेली काही वर्षं उरलंसुरलं टाकायची जागा झालं होतं. मार्च अखेरीला कसेबसे पाचशे भरून खातं जिवंत ठेवायचं. घरातल्या सगळ्यांच्या गरजा आधी आणि बाईचं म्हातारपण शेवटी, ही आपल्याकडची सर्वसाधारण रांग. वर्षाच्या खात्याने यात एक बदल केला: मोठे खर्च आधीच भागवलेले असल्याने माझ्या पगारातले ३,००० दर महिन्याला निर्धास्तपणे पीपीएफला जाऊ लागले.

इथे तारखेची एक गोम आहे. पीपीएफचं व्याज पाच तारीख संपतानाची शिल्लक आणि महिनाअखेरची शिल्लक यांच्या दरम्यानच्या सर्वांत कमी रकमेवर धरतात. सहा तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज नाही. सुकन्यालाही हाच नियम. नवऱ्याचा पगार सात तारखेला होतो, माझा महिनाअखेरीला. म्हणून ही दोन्ही माझ्या पगारातून दोन तारखेला जातात आणि वर्षाच्या खात्यात तो भरतो. नव्या करप्रणालीत ८०सी ची (पीपीएफसारख्या बचतीवरची) वजावट नाही, तेव्हा 'मग पीपीएफ कशाला' असं ऑफिसात बरेच जण म्हणतात. व्याज तरीही करमुक्त आहे आणि पंधरा वर्षं सहजी हात लावता येत नाही, माझ्यासाठी हे दुसरं कारण जास्त मोठं आहे.

यंदा एक गोष्ट आपसूक झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. आमचं नूतनीकरण ऑक्टोबरात असतं. मूळ हप्ता जरा वाढला होता, तरी धरलेल्या २४,००० मधून काही उरलं. नवऱ्याचं मत दिवाळीत घालावं. मी ते आणीबाणीच्या ठेवीत टाकलं, तो घरी यायच्या आत.

कुणाला उपयोगाचं? ठरलेला पगार आणि ठरलेले सण असलेल्या घराला नक्की. दुकान, शेती किंवा रोजीवर घर चालत असेल तर दरमहा समान रक्कम काढणं जमणार नाही. तिथे हंगामाच्या कमाईतूनच वर्षाचे खर्च आधी बाजूला काढावे लागतील. एकत्र कुटुंब असेल तर यादी एकट्याने करू नका, आमच्याकडे सासूबाईंना ती तयार झाल्यावर दाखवली म्हणून महालक्ष्म्यांचं वाजलं. पाचपैकी चार देईन. एक कापला तो त्या उसन्यांच्या भानगडीसाठी.

पुढच्या वर्षाचा कागद परवा केला. धान्य तेवढंच, महालक्ष्म्या वाढवल्या, शाळेत मुलगी नववीत जाणार म्हणून शिकवणी धरली. आता महिन्याचे साधारण १२,००० होतात. अडलंय ते आहेरात: मे महिन्यात नवऱ्याच्या भाच्याचं लग्न आहे, सासूबाईंना नव्या सुनेसाठी सोन्याची अंगठी करायची आहे, आणि सोन्याचा भाव बघता मी त्या ओळीसमोर अजून पेन्सिलनेच लिहिते आहे.