ट्रॅक-डे कोचिंग: पुण्यातून जाणाऱ्यांसाठी

ट्रॅक-डे म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस. त्याच्या या कोचिंगची थिअरी शनिवारी पुण्यात, गाडी मात्र चेन्नईच्या 3.7 किलोमीटरच्या ट्रॅकवर. थिअरी ठीकठाक, यूट्यूबवर मिळते तेवढीच. पैसे वसूल होतात ते कोच शेजारी बसल्यावर.

सुरुवात बसण्यापासून: खांदे सीटला टेकलेले आणि तसंच हात लांब केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर. मग ब्रेक. बहुतेक जण हळू दाबायला लागतात आणि वळणाजवळ घाबरून जोर वाढवतात. इथे उलटं घोटून घेतात: सरळ रेषेत सुरुवातीलाच जोर, नंतर स्टिअरिंग वळेल तसतसा पाय सोडत न्यायचा. पाय झटकन उचलला की पुढच्या चाकांवरचा भार जातो, गाडी वळायच्या ऐवजी सरळ बाहेर निघते. ही एकच गोष्ट नीट बसली तरी फी फिटली.

गाडीच्या तयारीचे सल्लेही पक्के. डॉट 4 ब्रेक ऑइल ताजं हवं. जुन्यात ओलावा मुरलेला असतो, तापलं की उकळतं आणि पेडल मऊ पडतं. टायरची हवा सेशननंतर लगेच, गरम असतानाच मोजायची. शेवटची फेरी सावकाश, तापलेले ब्रेक थंड व्हावेत म्हणून. पार्क करताना हँडब्रेक ओढायचा नाही, चाकाला ठोकळा लावायचा.

खटकतं ते हे की एका कोचमागे चार जण, त्यामुळे वाट बघण्यातच दिवस जातो. आणि नेहमीच्या कार विम्यात ट्रॅकवरचं नुकसान सहसा धरत नाहीत, हे बुकिंगच्या वेळी कोणी सांगत नाही. पॉलिसी आधी वाचा.