खांबाखालचं ब्रॅकेट: ओल्या मालात रोवायचं की भोक पाडून बसवायचं?

लाकडी खांबांवर उभ्या राहणाऱ्या शेडचा, म्हणजे पोल बार्नचा, खांब जमिनीत गाडला की तो नेमका जमिनीच्या पातळीशी कुजतो. तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात, त्यामुळे बुरशीला हवं ते सगळं जागेवरच असतं. म्हणून काँक्रीटचा पाया भरायचा, त्यावर लोखंडी ब्रॅकेट बसवायचं आणि खांब त्यात उभा करायचा. या ब्रॅकेटचे बाजारात दोन मुख्य प्रकार आहेत. एक ओल्या मालात, म्हणजे नुकत्याच ओतलेल्या काँक्रीटमध्ये रोवायचं, ज्याला खालून सळया वेल्ड केलेल्या असतात. दुसरं सुकलेल्या काँक्रीटला भोक पाडून अँकरने, म्हणजे काँक्रीटमध्ये पकड घेणाऱ्या बोल्टने, आवळायचं. पर्मा-कॉलम या कंपनीच्या स्टर्डी-वॉल मालिकेत हे दोन्ही मिळतात: ‘प्लस’ नावाचं ओल्या मालासाठी, साधं भोकासाठी.

नवा पाया भरायचा असेल तर ओल्या मालाचं ब्रॅकेट घ्यावं. भोकाचं ब्रॅकेट वाईट नाही, पण आधीच भरलेल्या पायासाठी आहे. ते घेणारे बहुतेक जण ‘नंतर सावकाश लाइन लावता येईल’ एवढ्यासाठीच घेतात. मुद्दा खरा आहे, फक्त त्या सोयीची किंमत कडेच्या अंतरात मोजावी लागते. ते पुढे येईलच.

खरेदीपूर्वी खांब टेपने मोजा, नावावर जाऊ नका. ‘सहा बाय सहा’ म्हणून मिळणारा रंधलेला खांब प्रत्यक्षात सुमारे १४० मिमी भरतो, तर करवतीचा खडबडीत खांब पूर्ण १५० मिमीपर्यंत जातो. दोन बाय सहाच्या तीन फळ्या जोडून केलेला खांब सुमारे ११४ बाय १४० मिमीचा, आणि जोडल्यावर पुन्हा रंधला असेल तर त्याहून बारीक. ब्रॅकेट मोठं निघालं तर फटीत पॅकिंग भरावं लागतं, आणि बोल्टची पकड सैल राहते. लहान निघालं तर सुतार खांब तासतो आणि औषध मुरलेला वरचा थर तिथेच निघून जातो. ओला खांब वाळल्यावर आकसतो, म्हणून बोल्ट काही महिन्यांनी पुन्हा आवळायला हवेत. हे काम जवळजवळ कोणीच करत नाही.

ओल्या मालाच्या ब्रॅकेटची ताकद सळयांत आहे. वाऱ्याने शेड उचलू पाहिली की ताण ब्रॅकेटच्या उभ्या पट्टीतून सळईत आणि सळईतून पायाच्या पूर्ण खोलीत जातो. वरच्या थरातला काँक्रीटचा तुकडा उपटून येण्याचा प्रश्नच मागे पडतो. सळई वेल्ड होण्याच्या दर्जाची, म्हणजे अमेरिकी मानकातल्या ए७०६ सारखी, आहे का ते माहितीपत्रकात पाहा. बांधकामाची साधी सळई बेस प्लेटला वेल्ड केली की जोडाशी ठिसूळ होऊ शकते. स्थानिक फॅब्रिकेटरकडून ब्रॅकेट करून घेणाऱ्यांनी तर हे आधी विचारावं. पायात सळयांचा पिंजरा असेल तर ब्रॅकेटच्या सळया त्याच्या आत उतराव्यात, शेजारून नाही.

बसवण्याच्या दोन पद्धती आहेत. पाया भरून मग ब्रॅकेट मालात खुपसणं झटपट होतं, पण माल घट्ट व्हायला लागल्यावर खुपसलं तर सळईभोवती पोकळी राहते आणि पकड जाते. त्यापेक्षा साच्यावर आडवी फळी टाकून ब्रॅकेट तिला टांगावं आणि मग माल ओतून व्हायब्रेटर फिरवावा. सूत खांबांच्या मध्यातून नव्हे, बाहेरच्या चेहऱ्यावरून ओढावं, कारण भिंतीच्या आडव्या पट्ट्या तिथेच बसणार आहेत. पायाला दोन सेंटिमीटर इकडेतिकडे चालतं, ब्रॅकेटच्या बाहेरच्या पट्टीला तीन मिलिमीटरही जास्त होतात. गुण्या, पाणसळ, सूत लावून झालं की अर्ध्या तासाने पुन्हा पाहा. माल बसतो, वर पाणी सुटतं आणि ब्रॅकेट कलतं. खाली गेलेलं ब्रॅकेट नुसतं वर ओढू नये, प्लेटखाली पोकळी राहते. ओढलंच तर माल पुन्हा ठोकून बसवावा.

या प्रकाराची एक खटकणारी बाजू आहे. बाहेरच्या अंगाला सुमारे सहा मिमीची पट्टी आणि त्यावर बोल्टचं डोकं येतं. जमिनीलगतची फळी त्यावर सपाट बसत नाही. फळीला आतून खाच पाडावी लागते. वाईट काही नाही, पण पेटीवर लिहिलेलं नसतं आणि ऐन कामात वेळ खातं.

आता भोकाचं ब्रॅकेट. अँकर ओढला की काँक्रीटचा उलट्या शंकूसारखा तुकडा उपटायला बघतो. शंकूचा पसारा अँकरच्या खोलीच्या साधारण दीडपट धरतात. १०० मिमी खोल अँकरला पूर्ण ताकद हवी तर चारी बाजूंनी १५० मिमी काँक्रीट हवं. पण खांबाचा बाहेरचा चेहरा स्लॅबच्या कडेला लावला तर १४० मिमीच्या खांबाचा मध्य कडेपासून जेमतेम ७० मिमी येतो. त्या बाजूचा अर्धा शंकूच कापला गेला. त्यात पाचर फुगवून पकडणारा अँकर स्वतःच कडेला ढकलत असतो, त्यामुळे नट आवळतानाच कड फुटते. ‘अँकर तुटला’ अशा ज्या तक्रारी असतात त्यांत अँकर तुटलेला क्वचितच असतो. ४५० मिमीच्या गोल पायावर मधोमध बसवलं तर ही अडचण बरीच कमी होते. १०० मिमीच्या साध्या स्लॅबवर मात्र हे ब्रॅकेट लावूच नये. कडेला खोल पट्टा भरलेला असेल तरच.

कड जवळ असेल तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात गोंदाने चिकटवलेला रॉड, बरा, तो काँक्रीटला फुगवत नाही. पण शिस्त मागतो. १६ मिमीच्या रॉडला साधारण १८ मिमीचं भोक, मग फुंकणं, ब्रश, पुन्हा फुंकणं. धूळ राहिली तर गोंद काँक्रीटला नाही, धुळीला चिकटतो. नळीतून आलेला पहिला गोंद एकसारखा रंग येईपर्यंत फेकून द्यायचा, भोक तळापासून वर भरायचं, रॉड फिरवत घालायचा, आणि तापमानानुसार दिलेला वेळ होईपर्यंत पाना लावायचा नाही. काँक्रीट किमान २१ दिवसांचं असावं, ही अट अमेरिकी काँक्रीट संहितेत आहे. सोमवारी पाया आणि शनिवारी खांब अशी घाई असणाऱ्यांनी हा मार्ग सोडावा.

पेटीवरचा उचल-क्षमतेचा आकडा पाहून खूश होण्यापूर्वी एक हिशेब करा. शेड १२ मीटर रुंद, खांब ३ मीटरवर. एका खांबाच्या वाट्याला १८ चौरस मीटर छप्पर. निव्वळ उचल चौरस मीटरला ०.८ किलोन्यूटन धरली तर १४.४ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ दीड टन. ४५० मिमी व्यासाचा, १.२ मीटर खोल पाया स्वतः भरतो साडेचार किलोन्यूटनच्या आसपास. ब्रॅकेट वीस किलोन्यूटनचं असलं तरी मातीची पकड किंवा तळाला रुंद पाया नसेल तर सगळं सोबत वर येईल. वाऱ्याचा खरा आकडा तुमच्या भागाच्या नियमांनुसार अभियंत्याकडूनच घ्यावा. इथला फक्त हिशेबासाठी आहे.

त्याहून मोठा गैरसमज असा की ब्रॅकेट खांबाला उभं धरतं. गाडलेला खांब जमिनीत घट्ट असतो म्हणून आडवा वारा सोसतो. ब्रॅकेटवरचा खांब तळाशी बिजागरीसारखा वागतो. आडव्या वाऱ्याचा भार कैच्या, तिरपे आधार आणि पत्र्याच्या भिंती-छपराने घ्यायचा असतो. तिन्ही बाजू उघड्या असलेल्या शेडला हलकं ब्रॅकेट लावणं म्हणजे टेबलाचे पाय खिळ्याने जोडणं. वाकवणारा भार (‘मोमेंट’) घेणारी ब्रॅकेट वेगळी असतात, उदाहरणार्थ सिम्पसन स्ट्राँग-टाय या कंपनीचं एमपीबीझेड. माहितीपत्रकात ‘मोमेंट’साठी आकडा दिला नसेल तर क्षमता शून्य समजा.

बोल्टबाबत थोडक्यात: खांबाच्या तळापासून पहिल्या बोल्टचं अंतर व्यासाच्या सातपट ठेवावं, १२ मिमीच्या बोल्टला ८४, १६ ला ११२. कमी असेल तर उचलीत बोल्ट खांबाचा तळ रेषेत चिरून बाहेर येतो. भोक बोल्टहून दीड मिमीपेक्षा मोठं नको, आणि लाकडाच्या बाजूला वॉशर हवाच.

औषध मुरवलेल्या लाकडात तांबं असतं आणि ते पातळ जस्ताचा थर खातं. म्हणून ब्रॅकेट, बोल्ट, वॉशर, नट सगळं गरम जस्तात बुडवलेलं घ्यावं. गॅल्व्हनाइज्ड ब्रॅकेटला स्टेनलेस बोल्ट लावू नये. नुसत्या पावडर कोटवर विसंबू नये. बोल्ट आवळताना तो तिथेच खरचटतो. खांब टेकायच्या जागी २५ मिमीचा उंचवटा नसलेलं, तळाशी पाणी निघायला वाट नसलेलं ब्रॅकेट दिसलं तर परत ठेवा. त्यात पाणी साठेल आणि खांब कुजेल, फक्त जमिनीऐवजी लोखंडी वाटीत. कापलेल्या तळाला औषधाचे दोन हात द्यावेत आणि खांब व प्लेट यांच्यामध्ये पाणी अडवणाऱ्या जाड शीटचा तुकडा टाकावा. हे सगळं खांब उभा करण्याआधीच करायला हवं, नंतर तिथे हात पोचत नाही.