पद्मिनीची बॉडी कशावर ठेवायची: घोड्या, ट्रॉली की फिरतं स्टँड?

इंजिन आणि चाकं उतरली की जुनी गाडी कशावर ठेवायची हे ठरवावं लागतं. वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीसाठी सांगलीत मी तिन्ही वापरून पाहिलं. घोड्या म्हणजे गाडीखाली टेकू म्हणून लावायचे लोखंडी स्टँड.

आधी गाडी कोणती ते बघा. स्टँडर्ड हेराल्डला किंवा जुन्या जीपला बॉडीखाली वेगळी चेसिस, म्हणजे भार पेलणारी लोखंडी चौकट, असते. बोल्ट काढून बॉडी बाजूला उचलता येते. पद्मिनी आणि अँबेसेडरला तशी चेसिस नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. दाराखालची पेटी कापली की तिचा कणाच निघतो.

2019 च्या पुरात आमची गाडी बुडाली आणि त्या पेट्या आतून सडल्या. पहिल्या डेंटरने बॉडी पुढं-मागं दोनच घोड्यांवर टेकवून दोन्ही पेट्या एकदम कापल्या. सकाळी ड्रायव्हरकडचं दार लागेना. वरची फट नाहीशी झाली होती. बॉडी मधोमध खाली बसली होती. ती सरळ करण्यात पावसाळा गेला.

म्हणून कापाकापीला माझी पसंती घोड्यांनाच. चार घोड्या, सस्पेन्शन जिथं बॉडीला जोडलं जातं तिथं. गवंड्याची पाण्याची नळी लावून चारही एका पातळीत आणा. दाराच्या चौकटीत चौकोनी पाइप तिरका वेल्ड करा, चौकटीचे कर्ण मोजा आणि एका वेळी एकच बाजू कापा. दार पुन्हा पुन्हा लावून बघायचं, त्यामुळं पाइप दाराच्या आड येणार नाही असा बसवा. त्रास एवढाच की पाठीवर झोपून काम करावं लागतं आणि ठिणग्या अंगावर पडतात. चष्मा हवाच. घोड्यांऐवजी विटा किंवा नुसता जॅक लावून गाडीखाली कधीही शिरू नका.

ट्रॉली म्हणजे चाकं लावलेली चौकट. बॉडी धुवायला, पेंटरकडं ढकलायला सोयीची. शेडची जमीन खडबडीत असेल तर मात्र एक चाक खड्ड्यात जातं आणि कापलेली बॉडी पिळते. जोडकाम संपल्यावरच वापरा.

फिरत्या स्टँडवर बॉडी बंपरच्या जागी दोन्ही टोकांना धरतात आणि आडवी फिरवतात. फिरण्याचा आस बॉडीच्या भारमध्यातून गेला तर एका हातानं फिरते. चुकला तर जड बाजू झपकन खाली येते. लॉकची पिन लावल्याशिवाय हात घालू नये. खालचे जोड समोर येतात, अंडरकोटिंग, म्हणजे तळाला मारायचा गंजरोधक थर, नीट बसतं. आमची गाडी पहिल्यांदा आडवी केली तेव्हा तळाच्या भोकातून कृष्णेचा गाळ पडू लागला. पिठासारखा, वाळलेला. इतक्या वेळा धुऊनही तो आत होता, आणि घोड्यांवर तो कधी निघालाच नसता.

पण इथंही आधार दोन टोकांनाच, म्हणजे बॉडी मध्ये बसण्याची भीती तीच. पेट्या घोड्यांवर पूर्ण जोडा, मगच फिरत्या स्टँडवर चढवा. एखाद-दुसरंच ठिगळ असेल तर या स्टँडचा खर्च करू नका. सगळा तळ सडला असेल तर कुपवाड एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडून करून घ्या, जमल्यास दोघा गाडीवाल्यांनी मिळून. स्टँडला 20 फूट लांबीची जागा लागते.

घोड्या काढण्याआधी दोन्ही बाजूंच्या दारांच्या चौकटींचे कर्ण भिंतीवर लिहून ठेवा. आमच्या शेडमध्ये ते खडूचे आकडे अजून आहेत. स्टँडवर चढवताना आणि उतरवल्यावर आम्ही त्यांच्याशीच माप ताडून पाहिलं.