इंक/स्टिच: पंचिंग शिकणाऱ्यांसाठी, आठ महिन्यांच्या वापरानंतर

भरतकामाचं मशीन घेतल्यावर सुरुवातीचे काही आठवडे तयार डिझाइनवर निघतात. मग स्वतःचं चित्र, एखादा लोगो, एखादं नाव काढायची वेळ येते आणि पंचिंगच्या, म्हणजे चित्रावरून मशीनचे टाके आखण्याच्या, सॉफ्टवेअरचा शोध सुरू होतो. त्या यादीत इंक/स्टिच बहुधा तळाला असतं. ते मोफत आहे, आणि मोफत म्हणजे कामचलाऊ असा आपला समज. आठ महिने रोज वापरल्यावरचं मत आधीच सांगून टाकतो: टाका कुठे, का आणि कसा पडतो हे शिकायचं असेल तर इथूनच सुरुवात करा. दर आठवड्याला तीस-चाळीस वेगवेगळी नावं काढून द्यायची असतील तर करू नका.

इंक/स्टिच हा स्वतंत्र प्रोग्रॅम नाही. इंकस्केप या मोफत व्हेक्टर ड्रॉइंग प्रोग्रॅममध्ये ते एक्स्टेन्शन म्हणून बसतं. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. आधी इंकस्केप टाकायचं, मग त्या आवृत्तीला जुळणारं इंक/स्टिच. पुढे अपडेट करतानाही दोन्हींची जोडी बघूनच करावं. नवीन फाइल उघडली की पहिलं काम म्हणजे डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये एकक मिलिमीटर करणं आणि पानाचा आकार हूपच्या (कापड धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या) शिवता येणाऱ्या जागेएवढा ठेवणं, म्हणजे १०० बाय १०० किंवा १३० बाय १८०. पिक्सेलमध्ये काढलेलं डिझाइन पडद्यावर देखणं दिसतं आणि हूपमध्ये मावत नाही.

पुढचा सगळा खेळ तीन गोष्टींचा. नुसत्या रेघेचा धावदोरा होतो, रंग भरलेल्या आकाराचं फिल (टाक्यांच्या ओळींनी भरलेली जागा) होतं, आणि दोन समांतर रेघांमधल्या जागेचं सॅटिन (एका रेघेपासून दुसरीपर्यंत दाट टाक्यांची पट्टी) होतं. आकार निवडून पॅराम्सची खिडकी उघडली की टाक्याची लांबी, ओळींमधलं अंतर, कोन, अंडरले (वरच्या टाक्यांखाली आधी पडणारा विरळ थर) हे सगळं समोर येतं आणि प्रत्येक बदलासरशी शेजारी टाके नव्याने आखलेले दिसतात. या प्रोग्रॅमची खरी शिकवणी या खिडकीत आहे. महिनाभर इथे आकडे हलवून पाहिले तर पुढे कुठल्याही महागड्या सॉफ्टवेअरमध्ये बिचकायला होत नाही.

आता एक उदाहरण जवळून बघू. ४० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ, आत फिल, भोवती ३ मिलिमीटरची सॅटिनची किनार. नवशिक्याचं पहिलं डिझाइन साधारण असंच असतं आणि पहिली फजितीही इथेच होते. पडद्यावर किनार फिलला नेमकी चिकटलेली दिसते. कापडावर मात्र डावी-उजवीकडे फिल आणि किनार यांच्यात कापडाची पांढरी फट, आणि वर-खाली फिल किनारीच्या बाहेर डोकावतंय. वर्तुळाचं अंडं झालेलं असतं. दोष मशीनचा नसतो. प्रत्येक टाका कापडाला स्वतःच्या दिशेने आवळतो, त्यामुळे टाके आडवे असतील तर आकार आडवा आखडतो. शेजारी-शेजारी पडणाऱ्या ओळी एकमेकींना ढकलतात, त्यामुळे ओळींच्या काटकोनात तो थोडा फुगतो.

उपाय चार आहेत आणि चारही एकदम करावे लागतात. पहिला, फिलच्या पॅराम्समध्ये पुल कॉम्पेन्सेशन (आखडणं भरून काढायला टाके थोडे लांब करणं) द्यायचं. घट्ट विणीच्या सुती कापडाला ०.२ मिलिमीटरपासून सुरुवात करावी, ताणल्या जाणाऱ्या टी-शर्टला ०.३ ते ०.४. दुसरा, अंडरले चालू ठेवून त्याचा कोन वरच्या टाक्यांच्या काटकोनात ठेवायचा, म्हणजे वरचा थर पडायच्या आत कापड बॅकिंगला (कापडाखाली लावलेल्या आधाराच्या थराला) जखडलं जातं. तिसरा, किनार फिलवर किमान १ मिलिमीटर चढलेली हवी. कडेला कड लावून काढलेली किनार फट सोडणारच. चौथा उपाय सॉफ्टवेअरच्या हातात नाही: ताणलं जाणारं कापड असेल तर खाली कट-अवे (शिवून झाल्यावर कडेने कापायचं) बॅकिंग, आणि हूपमध्ये कापड न ओढता बसवणं. टी-शर्ट ओढून हूपमध्ये अडकवला की हूप काढल्यावर कापड मूळ जागी येतं आणि भरतकामाभोवती चुण्या पडतात. मग कितीही पुल कॉम्पेन्सेशन द्या, फरक पडत नाही.

याच वर्तुळावर घनतेचा हिशेबही करता येतो. फिलच्या ओळींमधलं अंतर मुळात ०.२५ मिलिमीटर असतं आणि टाक्याची कमाल लांबी ३ मिलिमीटर. वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे १,२५७ चौरस मिलिमीटर, म्हणजे ओळींची एकूण लांबी साधारण ५ मीटर आणि टाके १,७०० च्या घरात. कडेचे तुटक टाके आणि अंडरले धरले की आकडा २,२०० च्या आसपास जातो. मिनिटाला ६०० टाक्यांच्या वेगाने जेमतेम चार मिनिटं. पातळ कापडावर हे फिल पुठ्ठ्यासारखं कडक वाटलं तर अंतर ०.३ करून बघावं. ४० नंबरच्या धाग्याने तेवढ्यात कापड झाकलं जातं.

इथे एक खाच आहे. सॅटिनचं अंतर मुळात ०.४ लिहिलेलं असतं, त्यामुळे सॅटिन फिलपेक्षा विरळ असेल असं वाटतं. ते उलट आहे. फिलमध्ये लगतच्या दोन ओळींमधलं अंतर मोजतात, सॅटिनमध्ये एकाच बाजूच्या दोन टोकांमधलं. त्या ०.४ मध्ये धागा एकदा जातो आणि एकदा येतो, म्हणजे प्रत्यक्षात धागे ०.२ वर पडतात. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधला घनतेचा आकडा जसाच्या तसा इथे टाकला की डिझाइन एक तर विरळ येतं किंवा सुई मोडते, त्याचं कारणही हेच. मोजायची पद्धत प्रत्येकाची वेगळी.

नवशिक्याचा सगळ्यात जास्त वेळ सॅटिन खातं. दोन रेघा काढायच्या, त्या रेल. त्यांना आडव्या छेदणाऱ्या दोन-तीन लहान रेघा काढायच्या, त्या शिडीच्या पायऱ्या. (‘rung’ हा इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिला तर ‘रंग’ होतो आणि रंगांच्या यादीत तो शोधत बसायला होतं, म्हणून पायऱ्याच म्हणू.) सगळं निवडून कंट्रोल आणि के दाबून एक पाथ करायचा आणि पॅराम्समध्ये सॅटिन निवडायचं. पायरी दोन्ही रेलच्या थोडी बाहेर गेलेली हवी, नुसती टेकलेली चालत नाही. टाके मधेच फुलीसारखे एकमेकांना छेदताना दिसले तर एका रेलची दिशा उलटी आहे. ती रिव्हर्स करायची. पान किंवा पाकळी काढताना पायऱ्या कशा कलत्या ठेवता त्यावर टाक्यांचा कल ठरतो, आणि प्रकाश पडल्यावर धागा कसा चमकेल तेही. हे हातात आलं की साध्या पानालाही जिवंतपणा येतो.

एकसारख्या जाडीच्या रेघेसाठी एवढा खटाटोप नको. रेघेची जाडी ३ मिलिमीटर करून ‘कन्व्हर्ट लाइन टू सॅटिन’ दिलं की रेल आणि पायऱ्या आपोआप तयार होतात. तीव्र कोपऱ्यावर मात्र आतल्या बाजूला टाक्यांची गर्दी होते, तिथे रेघ तोडून दोन सॅटिन करावीत. रुंदीच्याही मर्यादा आहेत. १ मिलिमीटरच्या खाली सॅटिन करू नये, सुई जवळजवळ त्याच भोकात पडत राहते आणि धागा तुटतो. तिथे धावदोरा तीनदा फिरवणारा बीन टाका बरा. ७ मिलिमीटरच्या वर धागे सैल लोंबतात, बांगडीत किंवा बटणात अडकतात. तिथे सॅटिन मध्ये विभागावं किंवा सरळ फिल करावं.

चित्र ट्रेस करून थेट टाके बनवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. इंकस्केपमध्ये ट्रेस बिटमॅप आहे, आणि तिथे ‘स्टॅक’ची खूण हा पहिला सापळा. खूण असेल तर प्रत्येक रंगाचा आकार खालच्या रंगावर पूर्ण पसरलेला येतो. पाच रंग असतील तर काही जागी फिलचे चार-पाच थर एकावर एक बसतात, कापड फळीसारखं होतं आणि सुई वाकते. खूण काढली तर रंगांच्या सीमा एकमेकींना नेमक्या टेकतात आणि वर सांगितलेली फट प्रत्येक सीमेवर उघडी पडते. मधला मार्ग हाताचा आहे: खूण काढून ट्रेस करायचं, कंट्रोल आणि एल दाबून नोड (रेघेवरचे बिंदू) कमी करायचे, भाताच्या शितांएवढे तुकडे पुसून टाकायचे, आणि जो रंग आधी शिवला जाणार तो शेजाऱ्याच्या खाली १ मिलिमीटर सरकवायचा. एवढं करण्यापेक्षा चित्र खाली ठेवून पेनने वरून आकार काढणं बहुतेक वेळा लवकर होतं. विकतच्या सॉफ्टवेअरमधली एका क्लिकवर पंचिंग करणारी सोयही याच भिंतीला धडकते, तेव्हा त्या एका सोयीसाठी पैसे मोजू नयेत.

फिलचा आकार स्वतःलाच छेदत असेल तर इंक/स्टिच अडून बसतं. अशा वेळी ‘ट्रबलशूट ऑब्जेक्ट्स’ चालवलं की चूक नेमकी कुठे आहे तिथे खूण येते. ‘ब्रेक अपार्ट फिल ऑब्जेक्ट्स’ने बहुतेक आकार सुटे होऊन दुरुस्त होतात. हे दोन आदेश माहीत नसल्यामुळे पहिल्याच आठवड्यात प्रोग्रॅम काढून टाकणारे बरेच असावेत.

शिवण्याचा क्रम ऑब्जेक्ट्सच्या यादीत ठरतो: यादीत सगळ्यात खाली असलेलं सगळ्यात आधी शिवलं जातं. एका रंगाचे आकार यादीत विखुरलेले राहिले की मशीन पुन्हा पुन्हा तोच धागा मागतं. दुसरी गोष्ट ट्रिमची, म्हणजे धागा कापण्याची. एकाच रंगाच्या दोन आकारांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर मधे जंप (न शिवता घेतलेली उडी) येते, पण धागा कापायचा आदेश स्वतःहून येत नाही. आकारानंतर ट्रिम हवं असेल तर ते पॅराम्समध्ये किंवा ट्रिमच्या कमांडने द्यावं लागतं. काही मशीन जंप दिसताच धागा स्वतः कापतात, काही कापत नाहीत. तुमचं मशीन काय करतं ते आधी एका छोट्या तुकड्यावर बघून घ्या, नाहीतर अक्षरांमधले लोंबते धागे कात्रीने कापत बसावं लागेल.

सिम्युलेटर चांगला आहे, पण त्यावर विसंबून राहता येत नाही. तो क्रम दाखवतो, जंप दाखवतो, टाक्यांची संख्या सांगतो. कापड आखडणं मात्र त्याला दिसत नाही, ते प्रत्यक्ष शिवल्याशिवाय कळत नाही. आणि कापडाखाली दोऱ्याचं जाळं झालं तर लगेच फाइलला दोष देऊ नका. बहुतेक वेळा वरचा धागा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेला नसतो. प्रेसर फूट वर करून धागा पुन्हा ओवा. सॅटिन उलटं करून पाहिलं तर बॉबिनचा (खालचा) दोरा मधल्या साधारण एक तृतीयांश पट्ट्यात दिसायला हवा. तो तसा दिसत असेल तरच फाइलमध्ये चूक शोधा.

फाइलींबद्दल एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. मूळ काम नेहमी एसव्हीजीमध्ये, कारण पॅराम्सचे सगळे आकडे त्यातच राहतात. मशीनसाठी ‘सेव्ह अ कॉपी’ने वेगळी फाइल: ब्रदरला पीईएस, जॅनोमला जेईएफ, ताजिमा आणि बऱ्याच औद्योगिक मशीनांना डीएसटी. डीएसटीमध्ये रंग साठवले जात नाहीत, फक्त इथे थांबून धागा बदला एवढंच असतं. म्हणून रंगांचा क्रम कागदावर हवा, आणि इंक/स्टिच छापायला पीडीएफ देतं ती इथे कामी येते. डीएसटी उघडून तीच मोठी करायला जाऊ नका. त्यात आकार नसतात, नुसते टाके असतात. ती ३० टक्क्यांनी वाढवली की टाके तेवढेच राहतात आणि मधून कापड दिसायला लागतं. आकार बदलायचा तर एसव्हीजीत बदला, टाके नव्याने मोजले जातात.

अक्षरांच्या बाबतीत हे सॉफ्टवेअर संथ आहे. लेटरिंगमध्ये तयार फॉन्ट मिळतात, पण प्रत्येक फॉन्ट ठरावीक आकाराच्या टप्प्यातच नीट शिवला जातो. ५ मिलिमीटरच्या खालची अक्षरं ४० नंबरच्या धाग्याने काढू नयेत. त्यासाठी ६० नंबरचा, म्हणजे अधिक बारीक, धागा आणि ६५/९ ची सुई लागते. देवनागरी नाव हाताने पंच करताना शिरोरेखा प्रत्येक अक्षराला वेगळी काढू नका. आधी सगळी अक्षरं, मग डावीकडून उजवीकडे एकच सलग सॅटिन, अक्षरांच्या माथ्यावर थोडं चढलेलं. जोडांवरच्या गाठी आणि अक्षरांच्या उंचीतले लहानसहान फरक त्याखाली झाकले जातात.

विकतच्यांपैकी हॅच हे विल्कॉमचं, विंडोजवर चालणारं. ते ३० दिवस वापरून बघता येतं, आणि अक्षरं व नावं हेच मुख्य काम असेल तर त्याचा वेग लगेच जाणवतो. एम्ब्रिलियन्सचं स्टिच आर्टिस्ट तीन पातळ्यांत येतं आणि मॅकवरही चालतं. एम्बर्डमध्ये मूळ प्रोग्रॅम वेगळा आणि पंचिंगचा भाग वेगळा घ्यावा लागतो, हे विकत घेण्याआधी बघावं. या सगळ्यांत कोपरे, जंप, आकारांची जोडणी अशा गोष्टी बऱ्याच अंशी आपोआप होतात. पैसे जातात ते त्या वाचलेल्या वेळेसाठी.

चाचणीच्या मुदतीत डेमोमधली फुलं शिवून बघण्यात अर्थ नाही, ती शिवून छान येतील अशीच निवडलेली असतात. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये एकच तुकडा स्वतः काढा: ४० मिलिमीटरचं वर्तुळ, ३ मिलिमीटरची किनार, एक टोकदार पान आणि ६ मिलिमीटर उंचीचं चार अक्षरी नाव. तो सुती कापडावर आणि टी-शर्टच्या कापडावर शिवा, ७५/११ ची सुई आणि तेच बॅकिंग ठेवून. पाठीमागच्या बॅकिंगवर पेनने सॉफ्टवेअरचं नाव, घनता, पुल कॉम्पेन्सेशन आणि पंच करायला लागलेली मिनिटं लिहून ठेवा, आणि तुकडे फेकू नका. पुढच्या वेळी तसंच कापड हाती आलं की आकडे तिथूनच उचलता येतात.